संकेतस्थळाचा चेहरा एकच असावा

(तामलवाडी, ता. तुळजापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरीय अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



तामलवाडी हे सोलापूर-तुळजापूर मार्गावरचे गाव. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून पायी निघालेले भाविक या वाटेने आईच्या दर्शनास जातात. मुक्काम, पाणी, दवाखाना, वाहन यांची चौकशी पूर्वी वाटेत होत असे. आता ती पुष्कळदा घरातूनच, हातातील मोबाईलवर होते. शोधयंत्राच्या यादीत जो वर दिसतो, त्याच्याकडे पाऊल वळते. त्यामुळे ग्रामपंचायत, शाळा, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी या सर्वांनाच आपले नाव वर यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. ‘महिन्याभरात पहिला क्रमांक’ असे आश्वासन देणारे कंत्राटदार याच इच्छेचा लाभ घेतात. त्यांपैकी काहींजवळ असलेल्या एका युक्तीविषयी आज आपणांस सावध करावयाचे आहे. तिचे नाव क्लोकिंग.

गूगलसारखे शोधयंत्र आपल्या स्वयंचलित वाचकाकरवी जगभरची पाने वाचून घेते, त्यांची सूची करते आणि त्या सूचीतून उत्तरे देते. हा वाचक संकेतस्थळाच्या दारी येतो तेव्हा त्याची नाममुद्रा आणि त्याचा इंटरनेटवरील पत्ता यांवरून तो ओळखू येतो. क्लोकिंग करणारा एवढ्यावरच डाव साधतो. वाचक आला की त्याच्यापुढे शब्दांनी खच्चून भरलेले, सजविलेले पान ठेवायचे आणि माणूस आला की भलतेच पान दाखवायचे. तपासणीच्या दिवशी शेजारच्या शाळेतील मुले आणून पट भरून दाखवावा, तसाच हा प्रकार आहे. आपल्याकडे बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारी येतो. परंतु तो बहुरूपी आहे हे घरधन्यास ठाऊक असते, म्हणून ती कला ठरते. येथे सोंग लपविलेले असते, म्हणून ती फसवणूक ठरते.

गूगलच्या प्रसिद्ध नियमांत या प्रकारास स्पष्ट मनाई आहे. स्वयंचलित तपासणीने वा प्रत्यक्ष माणसांच्या तपासणीने तो उघडकीस आल्यास ते स्थळ यादीत खाली ढकलले जाते किंवा यादीतून पूर्णपणे वगळलेही जाते. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या विख्यात मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या सूचीतून काढून टाकले. शोधयंत्रासाठी ‘जुनी मोटार’ या अर्थाचा शब्द पुनःपुन्हा भरलेली पाने आणि ग्राहकासाठी निराळे पान, अशी तेथे व्यवस्था होती. ती पाने हटविल्यावर काही दिवसांतच कंपनीस पुन्हा प्रवेश मिळाला. परंतु एवढ्या मोठ्या कंपनीसही सूट मिळाली नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे. आपल्या बचत गटाचे पान ऐन नवरात्रात यादीतून गेले, तर दोष दूर करून फेरविचाराची विनंती मान्य होईपर्यंत यात्रा उलटून गेलेली असेल.

याहून मोठा धोका दुसरा आहे. हीच युक्ती चोरही वापरतात. दुर्लक्षित संकेतस्थळात शिरून ते जुगाराची पाने लपवितात. ही पाने शोधयंत्राला किंवा शोधयंत्राच्या यादीतून आलेल्या माणसालाच दिसतात. थेट पत्ता टाकून स्थळ उघडणाऱ्या ग्रामसेवकास सारे यथास्थित दिसते. शासकीय संकेतस्थळेही अशा घुसखोरीपासून सुरक्षित नाहीत. गोवा, कर्नाटक, केरळ, बिहार आदी राज्यांशी निगडित शासकीय संकेतस्थळांचे काही दुवे सट्टेबाजीच्या स्थळांकडे वळत असल्याचे वृत्त २०२४ साली प्रसिद्ध झाले होते. शासनाच्या नावावर विसंबून येणारा शेतकरी किंवा विद्यार्थी अशा ठिकाणी पोहोचला, तर गमावलेला विश्वास कोणत्या निधीतून भरून काढणार? ज्याने स्वतःच दोन चेहऱ्यांची व्यवस्था करून घेतली, त्याला तर तिसरा चेहरा केव्हा येऊन बसला हे कळणारही नाही.

मात्र प्रत्येक भेद हा दोष नव्हे. मागणीप्रमाणे मराठी वा इंग्रजी पान देणे, मोबाईलच्या लहान पडद्यास अनुरूप मांडणी करणे, यांत फसवणूक नाही. आशय एकच असावा, एवढीच कसोटी आहे.

मग वर येण्याचा सरळ मार्ग कोणता? पहिली गोष्ट, मजकूर युनिकोड मराठीत असावा. ठरावाचे छायाचित्र किंवा जुन्या फॉन्टमधील मजकूर शोधयंत्रास नीट वाचता येईलच असे नाही. आपली पाने मागे पडण्याचे कारण अनेकदा इतके साधे असते. दुसरी गोष्ट, लोक ज्या नावाने शोधतात ते नाव उघडपणे लिहावे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, तरी जुन्या नावाने शोधणारे आहेत. त्यासाठी पांढऱ्यावर पांढरी अक्षरे लपविण्याची गरज नाही. ‘धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)’ असे एकदा स्पष्ट लिहावे. तिसरी गोष्ट, माहिती ताजी असावी. गेल्या वर्षीचे पाणीवाटपाचे वेळापत्रक कितीही वर दिसले तरी त्याचा उपयोग शून्य.

ग्रामपंचायत सदस्यांस विशेष विनंती अशी की, काम देताना ‘शोधयंत्रास व नागरिकांस एकच आशय दाखविला जाईल’ ही अट करारात लिहून घ्यावी. संकेतस्थळाचा ताबा आणि परवलीचे शब्द संस्थेकडेच ठेवावेत. महिन्यातून एकदा आपल्या संस्थेचे नाव शोधयंत्रात घालून यादीतील शीर्षके वाचावीत आणि त्या यादीतूनच आपले पान उघडून पाहावे. गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य साधनात आपले पान शोधयंत्राला कसे दिसते, हेही पाहता येते. दंडात्मक कारवाई झाली असल्यास तिची सूचना तेथेच मिळते. शाळेतील शिक्षकांनी हे काम वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घेतल्यास तो एक उत्तम पाठ ठरेल. घुसखोरी आढळल्यास ती दडवून न ठेवता सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेस कळवावी. २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे.

बाजारात घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणाऱ्या दुकानदाराचे नाव गावात फार दिवस टिकत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावरील सूचना तहसीलदारास एक आणि गावकऱ्यास दुसरी दिसावी, असे आपण कधी चालवून घेतले नसते. संकेतस्थळ हा त्याच फलकाचा नवा अवतार आहे. तो सर्वांना सारखाच वाचता यावा, एवढे आपण कटाक्षाने पाहावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.