बिनखिळ्याचा चौरंग

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ‘सुतारकाम’ असे मी कळविले, तेव्हा आपल्या चिटणीसबाई क्षणभर गप्पच झाल्या. विणकाम, भरतकाम, शिवण हे आपले विषय. करवत आणि रंधा पुरुषांकडचे, अशी आपली समजूत. पण कापड बेतणे आणि लाकूड बेतणे यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्हीकडे आधी माप, मग खूण, आणि कात्री काय किंवा करवत काय, सर्वांच्या शेवटी. गेली बारा वर्षे मी घरच्या गॅलरीत पाट, चौरंग, स्टुले आणि पुस्तकांचे एक कपाट अशी कामे केली आहेत. आमच्या गल्लीतील एका वृद्ध मिस्त्रींनी मला हात धरून शिकविले.

हा विषय आजच घेण्याला कारण आहे. आपल्या भागातील जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना सासूबाईंच्या वेळचा सागवानी पलंग, शिसवी टेबल, फणसाच्या लाकडाची पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. कारण विचारले तर उत्तर मिळते, “पाय हलतो हो त्याचा!” आणि त्या जागी भुसा दाबून केलेल्या फळीचे कपाट येते. त्या फळीला पाणी लागले की ती फुगते, आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा नीट बसत नाही. भगिनींनो, हलणारा पाय म्हणजे मोडलेला पलंग नव्हे. तो सैल झालेला सांधा आहे, आणि सांधा दुरुस्त होतो. एवढे एक पटले तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले.

सांधा समजायचा तर आधी लाकडाचा स्वभाव समजला पाहिजे. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी मधोमध तडकलेला एखादा पाट असेलच. तो का तडकतो? बसणाऱ्याच्या वजनाने तडकतो असे आपण म्हणतो, पण बहुधा तसे नसते. झाड तोडून कितीही वर्षे झाली तरी लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पावसाळ्यात ते रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीला मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सागासारख्या शांत लाकडाची दीड फूट रुंद फळीसुद्धा कोरड्या आणि दमट हवेत मिळून तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे सुतारांच्या मापाने सूत-दीड सूत, कमीजास्त होऊ शकते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आता पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या पहा. फळीला रुंदीला आक्रसायचे असते, पट्टी आपल्या लांबीला हलत नाही, आणि दोघींना खिळ्यांनी जखडलेले. मग फळी मधोमध फुटते. उपाय सोपा. पट्टीचा मधला स्क्रू घट्ट बसवावा आणि कडेच्या स्क्रूंची पट्टीतील भोके पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट ठेवावीत. माणसांप्रमाणे लाकडालाही थोडी मोकळीक दिली की घर टिकते.

खिळ्यावाचून लाकूड जोडण्याची विद्या लोखंडाहून जुनी आहे. जर्मनीत लाइपझिगच्या परिसरात ओक या कठीण लाकडाने बांधलेल्या प्राचीन विहिरी सापडल्या. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील लाकूड सात हजार वर्षांपूर्वीचे, धातूची हत्यारे हाती येण्याआधीचे. तरीही त्या शेतकऱ्यांनी दगडी हत्यारांनी खाच पाडून, तीत कुसू बसवून लाकडे एकमेकांत अडकविली होती. खाच म्हणजे एका लाकडात पाडलेले चौकोनी भोक, आणि कुसू म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या टोकाला ठेवलेली, त्या भोकात बसणारी जीभ. आपले चौरंग, पलंग, खुर्च्या याच जोडीवर उभ्या असतात.

हा सांधा शिकायला चौरंगासारखी वस्तू नाही. दोन इंची चौरस चार पाय घ्यावेत, आणि त्यांना जोडायला सहा सूत जाडीच्या, तीन इंच रुंदीच्या चार पट्ट्या. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे येथे दोन सूत. बाजारात पाव इंची पटाशी मिळते, तिची रुंदीही नेमकी दोन सूत. म्हणून आधी खाच पटाशीच्या मापाने पाडावी आणि कुसू मागाहून खाचेला बेताबेताने बसता करावा. खाच पायाच्या बाहेरच्या अंगाकडे सरकवून, कडेपासून अर्धा इंच सोडून घ्यावी, आणि इंचाहून किंचितच अधिक खोल ठेवावी. असे केले म्हणजे शेजारच्या दोन खाचा पायाच्या पोटात एकमेकींना भिडत नाहीत. पायाच्या वरच्या टोकाशीही अर्धा इंच लाकूड राखावे, नाहीतर तो तेथे चिरतो. कुसू हाताच्या दाबाने निम्मा जावा आणि उरलेला लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. जोराने ठोकावा लागला तर पाय फुटेल, आपोआप पडला तर सांधा हलेल.

आता मिस्त्रींची खरी युक्ती सांगते. सांध्यातून आरपार भोक पाडून मेख ठोकायची, पण दोन्ही भोके एका रेषेत ठेवायची नाहीत. आधी पायाला भोक पाडावे, कुसू आत बसवून त्यावर भोकाच्या मध्याची खूण घ्यावी, आणि कुसू बाहेर काढून त्याचे भोक त्या खुणेपासून सुमारे एक मिलिमीटर पट्टीच्या बाजूला सरकवून पाडावे. बांबूची किंवा सरळ रेषांच्या सागाची, टोकाला निमुळती मेख ठोकली की ती कुसवाला आत ओढून घेते. शिकंजा लागत नाही, आणि सरसाविनाही सांधा घट्ट बसतो. वरची फळी मात्र खिळ्यांनी ठोकू नये. पट्ट्यांना आतून खोबण करून, तीत जीभ सरकेल असे लाकडाचे लहान ठोकळे फळीला खालून स्क्रूने लावावेत. पाटाचा धडा येथेही लागू आहे.

टेबलाच्या खणाचा सांधा वेगळा. खण रोज ओढला जातो, म्हणून त्याच्या कोपऱ्यात पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत गुंतवितात. याला डव्हटेल म्हणतात. कठीण लाकडात त्या दातांचा उतार आठास एक पुरतो. जुने टेबल देऊन टाकण्यापूर्वी खण बाहेर काढून कोपरा पहा. असे दात दिसले, तर ज्याने ते केले त्याने पुढच्या पिढीचा विचार केला होता असे समजा.

दुरुस्तीविषयी दोन शब्द. फेव्हिकॉल १९५९ साली आला. त्यापूर्वीच्या सामानात बहुधा जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस असतो. तो ऊब आणि ओलावा यांनी सुटतो, म्हणून सैल सांधा गरम पाण्याच्या फडक्याने शेकून उघडता येतो. पांढरा गोंद वापरलेला असेल तर नवा थर जुन्यावर धरत नाही, तो आधी खरवडून काढावा. कुसू झिजला असेल तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप चिकटवून पुन्हा मापात आणावा. लाकूड विकत घ्यायचे असल्यास पाडकामाचे सागवान पहा. ते मुरलेले असते, फक्त आतले खिळे शोधून काढल्याशिवाय रंधा मारू नका. आणि पटाशी नेहमी धारदार ठेवा. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लावलेली पटाशी निसटून हातात शिरते. दुसरा हात तिच्या पुढे कधीही असू नये.

आपल्या मंडळाची दोन सागवानी बाकेही हलतात, हे आज त्यांवर बसलेल्या भगिनींना सांगायला नकोच. ती विकण्याची सूचना पुढे आली आहे असे ऐकते. चालकांना माझी विनंती आहे की आम्हांला एक महिना द्यावा. येत्या शनिवारपासून दुपारी तीन वाजता मागच्या ओसरीवर मी हत्यारे घेऊन बसणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी जुनी साडी नेसून यावे, आणि ज्यांच्या घरचे सामान निघणार असेल त्यांनी भंगारवाल्याला बोलाविण्याआधी मला एकदा हाक मारावी.