आधी देणे, मग वाटणी



आमच्या ईटसारख्या गावात कर्ता माणूस गेला, की चार दिवसांत दोन प्रश्न घरातून पारावर येतात. किती ठेवून गेला? आणि कुणाला काय मिळणार? या दोन्हींच्या आधी विचारायचा एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. तो कुणाचे किती देणे लागत होता?

मराठीत 'देणे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. आपण दुसऱ्याला हात पुढे करून देतो तेही देणे आणि आपल्या अंगावर थकलेले असते तेही देणे. कर्ज, वारस, वसियत हे शब्द अरबीतून आले आणि आपल्या बांधावर राहून मराठी झाले. ऋण हा शब्द संस्कृतातला. शब्द कुठूनही आलेला असो, सांगणे एकच आहे : मेलेल्या माणसाचे देणे त्याच्याबरोबर मरत नाही.

कुरआनच्या चौथ्या अध्यायात, सूरह निसामध्ये, वारसांचे हिस्से सांगितले आहेत. ते सांगताना अट पुन्हा पुन्हा येते, की ही वाटणी वसियत आणि कर्ज यांच्यानंतरची आहे. शास्त्रकारांनी त्यावरून क्रम बांधला. प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग उरलेल्याच्या एकतृतीयांशापर्यंत वसियत आणि शेवटी वारस. म्हणजे वारस रांगेत सर्वांत मागे उभा आहे. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एका मयतावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काहीच नव्हते. पैगंबरसाहेब त्याच्या जनाज्याची नमाज पढवायला पुढे होईनात. तेव्हा अबू कतादा नावाच्या सोबत्याने ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले आणि मगच नमाज झाली.

आता हिंदू धर्मशास्त्राकडे पाहा. आपल्या उमरग्याच्या पलीकडे बसवकल्याण आहे. चालुक्य विक्रमादित्याच्या काळात तिथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. बापाचे ऋण मुलाने आणि नातवाने फेडावे, हा नियम तिथे आहे. पण जुगाराचे, दारूचे ऋण त्यातून वगळले आहे. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला गेले. अखेरच्या दुखण्यात त्यांनी जी कलमे लिहवून ठेवली, त्यांत सावकारांचे देणे फेडण्याचे कलम होते. राज्याचा धनी असला, तरी जाताना हिशेब त्यालाही सुटला नाही.

हा झाला धर्म आणि इतिहास. आपल्या घरात काय होते?

आमच्याकडे जनाजा समोर ठेवला, की नमाजाआधी कुणीतरी वडीलधारा पुकारतो, "मयताकडे कुणाचे काही येणे असेल, तर त्याने मुलांशी बोलून घ्यावे." फार चांगली चाल आहे. पण हा पुकारा ऐकायला मैदानात पुरुषच असतात. मयताची पहिली घेणेकरीण बहुधा घरात रडत बसलेली असते. ती म्हणजे त्याची बायको. निकाहात कबूल केलेला मेहर आयुष्यभर दिला नसेल, तर ते नवऱ्याच्या अंगावरचे कर्ज आहे. दुकानदाराच्या उधारीसारखेच कर्ज, खैरात नव्हे. आणि आपण काय करतो? मयत उचलण्याआधी चार बाया तिच्याभोवती बसतात आणि म्हणतात, "मेहर माफ केला म्हण." त्या घडीला ती बिचारी काय बोलणार? कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० सालीच म्हटले होते, की दुःखाने भान हरपलेल्या विधवेने अशी दिलेली माफी तिला बांधील नाही. माफी मनापासून असावी, आणि त्यासाठी मन ठिकाणावर असावे लागते.

एक हिशेब करून पाहू. समजा, माणूस दहा लाख ठेवून गेला. कफन-दफनाला वीस हजार लागले. सोसायटीचे कर्ज दीड लाख, सालगड्याचा थकलेला पगार तीस हजार, बायकोचा मेहर ऐंशी हजार. वसियत काही नाही. वाटणीला उरले सात लाख वीस हजार. आता हिस्से. बायकोचा आठवा हिस्सा नव्वद हजार, दोन मुलांना प्रत्येकी दोन लाख बावन्न हजार आणि मुलीला एक लाख सव्वीस हजार. मेहर हा हिस्स्याहून वेगळा आहे, हे ध्यानात घ्या. आणि देणे सगळ्या इस्टेटीतून गेले आहे. "बापाचे कर्ज आम्ही फेडतो, तू हक्कसोडपत्रावर सही कर," असे बहिणीला म्हणायला इथे जागाच राहत नाही. तिच्या वाट्याचे कर्ज आधीच फिटलेले आहे.

सालगड्याचे नाव मी मुद्दाम घेतले. त्याचे साल पाडव्याला ठरते आणि पुष्कळदा बोलीवरच चालते. खव्याच्या भट्टीवरच्या गड्याचेही तेच. मालक मध्येच गेला, तर त्याच्या हातात कागद नसतो. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मजुराची, कारागिराची, घरगड्याची मृत्यूआधीच्या तीन महिन्यांची मजुरी इतर सामान्य कर्जांच्या आधी द्यावी, असे कलम आहे. तो कायदा प्रत्येक घराला जसाच्या तसा लागू होत नसेल, पण त्यातली नीती कुणालाही लागू पडावी.

आता दुसरी बाजू. आपल्या धाराशिव जिल्ह्याने कर्जापायी गेलेले शेतकरी फार पाहिले. त्यांच्या दारात उभा राहून सावकार विधवेला म्हणतो, "आता तू फेड." तिने आणि तिच्या मुलांनी हे नीट ऐकावे. मयताच्या इस्टेटीतून जेवढे हाती आले, तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी असते. दिवाणी प्रक्रिया संहिता हेच सांगते. स्वतः जामीन राहिला असाल, तर गोष्ट वेगळी. केवळ मुलगा आहे म्हणून बापाचे कर्ज डोक्यावर येण्याची जुनी हिंदू कायद्यातली जबाबदारीही ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना उरलेली नाही. परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. सावकारीत जमीन बळकावली असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. पंधरा वर्षांच्या आतले व्यवहार तिथे तपासले जातात. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा मात्र सातबाऱ्यावर असतो. वारसनोंद करताना तलाठ्याकडून इतर हक्काचा रकाना वाचून घ्या.

श्रोतेहो, हे सगळे सोपे करायचे, तर जिवंतपणीच करता येते. एक साधी वही घ्यावी. एका पानावर येणे, एका पानावर देणे. सोसायटी, किराणा, गडी, हातउसने, सगळे लिहावे. मेहर राहिला असेल, तर तो वहीत लिहिण्यापेक्षा आजच बायकोच्या हातात ठेवावा. वही कुठे आहे, ते घरच्या बाईला आणि मुलीलाही माहीत असावे.

जमीन किती ठेवली, ते मुले विसरतील. पण "आमच्या बापाने कुणाची दमडी बुडवली नाही," हे वाक्य त्यांना भर बाजारात ताठ मानेने म्हणता यावे. त्या वारशाला वाटणी लागत नाही. तो सगळ्यांना पुरा मिळतो.