चोखोबाला कुठं ठेवू?



कविता ठीक आहे, पण पोट डॉकवर आहे. डॉक म्हटलं की लोकांना समुद्र दिसतो. चाकणच्या डॉकला पाणी नाही. ट्रक पाठ लावतो, आम्ही माल उतरवतो, मागं पुठ्ठा उरतो. तो मागून आणतो. दिघीच्या या वाचनालयात गोष्टीच्या तासाला पोरं त्याचे बैल, घरं, पालख्या करतात. मला त्या तासाबद्दल बोलायचंय.

दिघीत पोरं कुठकुठली? काही लष्करातल्यांची. बाकीची भोसरी-चाकणच्या कारखान्यांनी मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून ओढून भाड्याच्या खोल्यांत टाकलेली. शाळा याला 'विविधतेत एकता' म्हणते, पोरांना पगड्या-लुंग्या घालते, फोटो काढते. फोटो झाला की पगडी परत दुकानात. त्या फॅन्सी ड्रेसमध्ये जात कुणी घालून येत नाही. ती घरूनच घातलेली असते.

लहान पोराला काय कळतं म्हणता? साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचं पोर बसायला घरून गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायला तयार नव्हता. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्या वर्गातली बाकीची पोरंही रोज काहीतरी शिकत होतीच की! पुस्तकात नसलेला धडा त्यांना पाठ झाला. म्हणून माझ्या लेखी पुस्तकाआधी सतरंजी. सगळ्यांना एकच.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, जोडीला अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली पोरं तिथवर येईनात. मग यांनी बालवाडीच उचलली आणि त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. परदेशी महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं आली. पुढं १९५७ला कोसबाडला वारल्यांची पोरं. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ची, म्हणजे तीस वर्षं उशिरा. बाई ब्राह्मण, तेव्हाचा शब्द 'हरिजनवाडा'. तो शब्द आपण फेकून दिलाय. पण चालत कोण कुणाकडं गेलं, ते मी बघतो.

आता आपलं. आळंदीहून पुण्याला जाणारी ज्ञानोबांची पालखी दिघीवरून जाते. आषाढात पोरांनी पुठ्ठ्याची वारी केली. तुकोबा झाले, गोरा कुंभार झाला, सावता माळी झाला, पंढरीचं देऊळ झालं. शेवटी चोखोबा हातात राहिला. एका पोरीनं विचारलं, याला कुठं ठेवू? गोष्ट सांगणाऱ्या ताई म्हणाल्या, ठेव कुठंही, सगळे संत सारखेच.

म्हटलं, थांबा ताई. याची समाधी देवळाबाहेर, पायरीपाशी आहे. याला आत घेत नव्हते. आपल्या लोकांना ते दार १९४७ साली उघडलं, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, लहान आहेत हो, मन दुखावेल.

कुणाचं? आमच्या पोराचं आधीच दुखावलेलं असतं, त्याला फक्त शब्द सापडत नसतो. आणि दुसऱ्याचं थोडं दुखलं तर दुखू दे. दुखल्याशिवाय समोरच्याचं दुखणं कळायचं कसं?

तेवढ्यात खाली भांडण जुंपलं. एकानं चोखोबाला आत ढकललं. ती पोरगी म्हणाली, मग गोष्ट खोटी होईल! ओडिशाच्या पोरानं कात्री घेतली न् दार मोठं कापायला लागला. मराठी त्याला अर्धीच कळते, पण दार लहान पडलंय हे त्याला कळलं. कापता कापता अख्खी भिंत गेली, देऊळ आडवं झालं. सगळे हसले न् पुन्हा चिकटवत बसले. असला तास मला पाहिजे.

आणखी एक. पोरं करतात ती 'हस्तकला'. आमच्या वस्तीतल्या आज्या जन्मभर शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळत आल्या, त्याला साला कुणी कला म्हटलं नाही. 'मांगाचं काम' म्हटलं. दुकानदारानं भावही तसाच दिला. म्हणून येत्या रविवारी एक आजी शिकवायला येतेय. पानं ती आणणार. तिला गाडीभाडं आणि दिवसाचा रोज द्यायचा. पुष्पगुच्छ नको.

ती गोष्टही सांगेल, तिच्या मराठीत. हिंदीत सांगायला पोरांपैकीच कुणाची आई पाहिजे. आणि कात्र्या चारच आहेत. गोल टोकाची कुणाकडं असेल तर घेऊन या.