डोंगरातील रस्ता आणि कापलेली माती

रस्ता म्हटला की तो कोठून कोठे जातो, एवढेच आपण बहुधा विचारतो. डोंगराळ मुलखात त्याच्याही आधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : रस्त्यासाठी कापलेली माती कोठे जाते?

एक साधा हिशेब मांडू या. 45 अंशांच्या उतारावर 4 मीटर रुंदीचा रस्ता सर्वस्वी डोंगर कापून काढला आणि काप उभा धरला, तर एका किलोमीटरला 8,000 घनमीटर माती-दगड निघतात. तीच रुंदी निम्मी कापून आणि निम्मी भरावाने साधली, तर केवळ 2,000 घनमीटर निघतात. आणि तेही बाहेरच्या अंगाला घातलेल्या दगडी बांधामागे भरावात सामावून जातात. कापाची रुंदी दुप्पट केली की माती चौपट होते, हे यातील मर्म. पहिल्या पद्धतीतल्या मातीला जागाच नसते. ती उतारावरून खाली लोटली जाते, आणि खाली कोणाचे तरी भाताचे खाचर असते, पिण्याच्या पाण्याचा झरा असतो.

नेपाळने या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते. स्वित्झर्लंडच्या साहाय्याने बांधलेला आणि 1985 मध्ये पुरा झालेला लामोसांगू-जिरी हा सुमारे 110 किलोमीटरांचा रस्ता मनुष्यबळावर भर देऊन झाला. पुढे धादिंग जिल्ह्यात जर्मन साहाय्याच्या प्रकल्पातून ‘हरित मार्गा’ची पद्धत आकारास आली. तीत सुरुंग वर्ज्य. कुदळ, पहार आणि घमेले हीच अवजारे. शेतीची कामे आटोपली की गावकरीच मजुरीवर येतात. पहिल्या वर्षी केवळ पायवाटेएवढी रुंदी काढावयाची, मग पावसाळा जाऊ द्यावयाचा. नेपाळात वर्षाच्या पावसापैकी सुमारे 80 टक्के पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो. या पावसात भराव आपसूक दबतो आणि पाणी कोठून वाट काढते हेही उघड दिसते. मोरी कोठे बांधावी हे नकाशापेक्षा तो पावसाळाच अधिक नेमके सांगतो! पुढच्या हंगामात रुंदी वाढवावयाची, असे काही वर्षे चालते. उघड्या पडलेल्या उतारांवर ‘अम्लिसो’ हे केरसुणीचे गवत, बांबू आणि उत्तीसची झाडे लावतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात. गवताच्या केरसुण्या विकून चार पैसेही मिळतात.

मग ही पद्धत सर्वत्र का पसरली नाही? कारण ती संथ आहे. आजाऱ्याला पाठीवरच्या टोपलीत बसवून तासन्‌तास डोंगर उतरणाऱ्या माणसाला ‘आणखी तीन पावसाळे थांबा’ असे सांगणे सोपे नाही, आणि ते आपण शहरात बसून सांगू नये. 2017 मध्ये नेपाळात स्थानिक निवडणुका झाल्या, गावपालिकांच्या हाती निधी आला, आणि खोदाईयंत्रे डोंगरोडोंगरी पोहोचली. अभियंत्याने आखणी करण्यापूर्वीच यंत्र चालू लागल्याची उदाहरणे पुष्कळ. नेपाळी लोकांनीच या प्रकाराला ‘डोजरे विकास’ असे नाव दिले आहे. असा रस्ता थोड्या दिवसांत तयार होतो खरा, परंतु नाल्या व मोऱ्या नसल्यामुळे पहिल्याच पावसात चिखल होऊन अनेकदा बंद पडतो. तेव्हा वाचलेली वर्षे खरोखर वाचली काय?

यंत्र त्याज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. आखणी आधी झाली, पाण्याची वाट ठरली आणि निघालेली माती नेमून दिलेल्या जागी वाहून नेण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला, तर यंत्रानेही रस्ता नीट होऊ शकतो. मात्र ते अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या बैठकीस, ज्यांच्या शेतांवर ती माती येऊन पडणार, त्या खालच्या वस्तीची माणसेही बोलावली पाहिजेत.