ओवीतलं नाव



माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरची. गाण्यातलं मला फारसं कळत नाही. तरीही आज गाण्याविषयी बोलणार आहे, ते माझ्या दादीमुळे.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी दादीला अल्झायमर झाला. आधी ती चुलीवरचं दूध विसरू लागली, मग वार, मग माणसं. सुट्टीत घरी गेलो की मला विचारायची, "कौन रे तू?" अब्बांना तर ती 'भाईसाब' म्हणू लागली. पोटच्या मुलाला!

एका दुपारी शेजारच्या आजी भेटायला आल्या. या दोघींनी तरुणपणी एकाच जात्यावर दळण दळलेलं. आजींनी सहज एका ओवीची पहिली ओळ धरली. दादीचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. पुढच्या ओळी तिनं न अडखळता म्हटल्या. घरात दखनी बोलणारी दादी जात्यावर मराठीत गायची, हे मला त्या दिवशी कळलं. ओवीत बाया आपल्या भावाचं, लेकाचं नाव गुंफतात. त्या जागेवर अब्बांचं नाव आलं. दारात बसलेले अब्बा उठून बाहेर गेले.

असं कसं होतं? अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचं नुकसान लवकर होतं. नव्या घडामोडी लक्षात ठेवायला तोच भाग लागतो. पण लाइपझिगच्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं, की जुन्या ओळखीच्या गाण्यांशी जोडलेल्या भागांची झीज या आजारात तुलनेनं कमी होते. शिवाय गाणं मेंदूत एकाच ठिकाणी नसतं. शब्द, चाल, हाताची लय, भावना, सगळ्यांचे धागे वेगवेगळे. आम्ही सॉफ्टवेअरवाले एकाच सर्व्हरवर बॅकअप ठेवत नाही, तसंच काहीसं. एक धागा तुटला तरी दुसरा ओढून आठवण वर येते.

मात्र गाण्यानं आजार बरा होत नाही. दुसऱ्या दिवशी दादीनं पुन्हा विचारलंच, "कौन रे तू?" पण त्या दुपारी ती शांत जेवली.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती ओवीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तोही ओवीत. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांच्याही ओठांवर ओवी टिकायची. एका मुसलमान संतानं आपला विचार लोकांच्या स्मरणात ठेवायला हाच छंद निवडला, हे आपण विसरायला नको.

तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल, संगीत जायज आहे का? तो वाद मी आज इथे सोडवणार नाही. तिलावतीला मी संगीत म्हणत नाही. पण मदरशात हिफ्ज करणारी मुलं लयीत डोलत पाठ करतात, ती उगाच नाही. लय स्मरणाला आधार देते, हे त्यांचे उस्ताद मेंदूविज्ञानाच्या आधीपासून जाणतात.

आणि नात्यांचं काय? दळताना दोघींचे हात एकाच खुंट्यावर असतात. एकीचा वेग चुकला की दुसरीला जड जातं. गाणं त्यांना एका लयीत ठेवायचं. दादी शेजारच्या आजींचं नावही विसरली होती, पण त्यांच्या ओळीनंतर आपली ओळ कधी घ्यायची, हे विसरली नव्हती. आज दोन मोहल्ल्यांमधलं बोलणं कमी होत असताना मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही 'परी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यात माझी दादी नाही. कंपनीचा डेटा रोज सांभाळणाऱ्या माझ्याकडे तिच्या आवाजाची फक्त चार मिनिटं आहेत, तीही मागे कुकरची शिट्टी असलेली.

म्हणून एकच विनंती. या रविवारी घरातल्या दादी-नानीजवळ बसा. जात्यावर, लग्नात, पाळण्यापाशी त्या काय गायच्या ते विचारा. फोन बाजूला ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करून. शेजारच्या आजींनाही बोलवा, कारण पहिली ओळ कदाचित त्यांच्याकडे असेल.