फुकटच्या गेमचा धंदा

मागं आमच्या लातूरच्या एका गटात हप्ता थकला. सोयाबीनचे पैसे पोरानं मोबाइलच्या रमीत घातले होते. मग आम्ही या धंद्याची चौकशी केली.

पूर्वी व्हिडिओ गेमची कॅसेट विकत घेतली, की व्यवहार संपायचा. मोबाइलवर गेम फुकट झाला अन् आत गेल्यावर पैसे मागू लागला. त्याच मोबाइलवर पुढं पैसे लावायचे खेळ आले. मुंबईची ड्रीम इलेव्हन २००८ची. २०२३ला तिचं नाव थेट भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर!

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं कायदा करून असे खेळ बंद केले. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा पोराला न रागावता बोलतं करा. लपून चालणाऱ्या ॲपनं फसवलं, तर लगेच १९३०वर फोन लावा.

त्या ताईंचा हप्ता गटानं चार महिन्यांत विभागून दिलाय. दोन फिटले.