चिकटवलेले केस आणि आपले केस



लग्नसराई आली की तालुक्याच्या पार्लरमध्ये हल्ली एका कामाची मागणी वाढते. आपल्या केसांना दुसरे लांब केस चिकटवून घ्यायचे. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. नवरीची वेणी भरगच्च दिसावी, फोटो चांगले यावेत, एवढीच हौस असते. हौसेला आमची ना नाही. पण चिकटवलेल्या केसांमुळे आपले स्वतःचे केस जातात का, हे पैसे मोजायच्या आधी कळायला हवं. म्हणून आज त्यावर बोलू या.

उसने केस लावणं आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्या, पणज्या गंगावन लावायच्या. गंगावन वेणीत गुंफलं जातं, म्हणजे त्याचा भार सगळ्या वेणीवर वाटला जातो, आणि रात्री ते सोडून खुंटीला अडकवता येतं. चिकटवलेले केस तसे काढता येत नाहीत. झोपताना, न्हाताना, काम करताना ते आठ-दहा आठवडे डोक्यावरच राहतात. खरा फरक इथे आहे.

आता केस वाढतो कसा ते पाहू. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो, त्यात जीव नसतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. जीव असतो तो कातडीच्या आत, मुळाशी. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. काही वर्षं वाढतो, मग थांबतो आणि गळतो, त्या जागी नवा येतो. रोज 50 ते 100 केस गळणं ही नेहमीची गोष्ट आहे. फणीत दिसणारे केस पाहून लगेच घाबरायचं कारण नाही.

चिकटवण्याच्या दोन-तीन पद्धती आहेत. एकीत गरम करून वितळवलेल्या गोंदाने छोट्या छोट्या बटा जोडतात. दुसरीत दोन्ही बाजूंनी चिकट पट्टी लावतात. तिसरीत पातळ गोंद लावून केसांची अख्खी पट्टी मुळाजवळ बसवतात. ही तिसरी पद्धत स्वस्त असते, पण गोंद कातडीला लागण्याची भीती तिच्यात जास्त.

नुकसान होतं ते मुख्यतः ओढीमुळे. पूर्ण डोक्याला लावायचे केस साधारण 100 ते 150 ग्रॅम भरतात. हे वजन मोजक्या बटांना लटकतं आणि दिवसरात्र मूळ ओढत राहतं. सुरुवातीला कातडी दुखते, मुळांशी बारीक पुळ्या येतात, कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात. या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस बहुतेक वेळा परत येतात. पण दुर्लक्ष करून महिनोन् महिने, वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण धरतो, आणि तिथे पुन्हा केस येत नाही. मग तेल लावा, शिकेकाई लावा, उपयोग होत नाही. अगदी घट्ट वेणी आणि घट्ट अंबाडा रोज घातला तरी हेच होतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरं नुकसान गोंदाचं. काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. पातळ गोंदात पुष्कळदा रबराचा चीक असतो. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे लागले की खाज सुटते, त्यांनी त्यापासून लांबच राहावं.

तिसरं नुकसान काढताना होतं. जोड ओढून किंवा खरवडून काढले की आपले चांगले केसही तुटून येतात. गोंद सैल करणारं द्रावण लावून, वेळ देऊनच ते काढावे लागतात. इथे एक गंमत सांगतो. काढताना केसांचा झुपकाच हातात येतो आणि बाई रडकुंडीला येते. पण त्यातले बरेचसे केस रोजच्या गळतीचे असतात. दोन महिने ते जोडात अडकून पडलेले असतात, म्हणून एकदम दिसतात. मात्र डोक्यावर टक्कल दिसायला लागलं, तर ते गळतीवर ढकलू नका.

आता आपल्या रोजच्या कामाचा विचार करा. आपण डोक्यावर चुंबळ ठेवून घागर नेतो, गवताचा भारा नेतो. त्या चुंबळीखाली गोंदाचे टणक जोड टोचतात आणि ओढही वाढते. आपण केसांना तेल लावतो, आणि तेलाने गोंद सुटतो. उन्हात घाम येतो, मुळांशी ओल राहते, खाज येते. आणि चुलीपुढे बसणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. स्वस्तातले बरेच केस प्लॅस्टिकच्या धाग्याचे असतात. ते विस्तवाजवळ वितळतात आणि कातडीला चिकटतात. शहरातल्या जाहिरातीतल्या बाईला यातलं काहीच करावं लागत नाही.

काही जणींनी हे करूच नये. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस पुष्कळ गळतात. मोठ्या तापानंतरही गळतात. अंगात रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, तरी विरळ होतात. नेमकं अशाच वेळी केस झाकायला एक्स्टेन्शन घ्यावंसं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच मुळं ओढ सोसण्याच्या स्थितीत नसतात. त्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. त्यावर उपचार झाले की केसांनाही फायदा होतो. बाळंतपणानंतरची गळती बहुतेकींची आपोआप थांबते.

लग्नापुरतेच लांब केस हवे असतील तर क्लिपचे केस किंवा गंगावन घ्या. सकाळी लावा, रात्री काढा. तरीही चिकटवायचेच असतील तर गोंदाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा. जोड मुळापासून थोडा दूर असू द्या. लावल्यावर डोकं दुखलं तर "दोन दिवसांत सवय होईल" यावर विसंबू नका, लगेच सैल करून घ्या. मुदत संपली की काढा, आणि पुन्हा लावायच्या आधी केसांना काही महिने मोकळं ठेवा.

आपल्या बचत गटातल्या ज्या ताया पार्लर चालवतात, त्यांनाही एक सांगणं आहे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारा: बाळंतपण कधी झालं, केस गळतात का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. कानशिलावरचे केस विरळ दिसले तर स्पष्ट नाही म्हणा. एक काम गेलं तरी चालेल. गावात गिऱ्हाईक विश्वासावर टिकतं, आणि कुणाच्या कपाळावरचे गेलेले केस सगळ्या गावाला दिसतात. गोंद लावायचा परवडतो म्हणून सामान घेताना, तो सोडवायचं द्रावणही त्याच दिवशी घ्या.

तेव्हा उत्तर असं: थोडे दिवस, नीट लावले आणि नीट काढले तर धोका कमी. जड, घट्ट, आणि एकामागून एक लावत राहिलं तर केस कायमचे जाऊ शकतात. उद्या न्हाताना कानशिलावरून बोट फिरवून पाहा. तिथे केस कमी वाटले तर पुढचे काही दिवस वेणी जरा सैल घाला.

काळजी घ्या. नमस्कार.